कोकोचा गुण, चॉकलेटचे श्रेय

डार्क चॉकलेट हृदयाला चांगले असते, हे विधान गेल्या वीस वर्षांत शहरी मराठी घरांतही रुळले आहे. दिवाळीत मिठाईऐवजी डार्क चॉकलेटचा डबा दिला जातो, मधुमेह असलेल्या नातेवाइकापुढे ‘हे चालते’ म्हणून एक तुकडा सरकवला जातो, वजन कमी करणारा माणूस रात्री गोड खावेसे वाटले की निर्धास्तपणे ७० टक्क्यांची वडी मोडतो. या साऱ्याला आधार त्याच एका विधानाचा असतो. हे विधान निव्वळ जाहिरातीतून आलेले असते, तर ते बाजूला सारणे सोपे होते. पण त्यामागे मोठ्या विद्यापीठांतले, नामांकित नियतकालिकांत छापून आलेले खरे संशोधन आहे. म्हणूनच त्याचा नीट आढावा घ्यायला हवा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि जवळजवळ ३५ टक्के प्रौढांचा रक्तदाब वाढलेला आहे. अशा समाजात एखादा गोड पदार्थ औषधाच्या रांगेत जाऊन बसत असेल, तर त्याच्या बाजूचा पुरावा नेमका कशाचा आहे, हे विचारावेच लागते. उपलब्ध पुरावा एकत्र ठेवला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. संशोधकांनी तपासला तो कोकोतला एक ठरावीक घटक, ठरावीक मात्रेत. आपण विकत घेतो ती त्याच कोकोपासून केलेली मिठाई. गुण पहिल्याचा आहे आणि श्रेय दुसरीला मिळाले आहे.

हा फरक समजण्यासाठी कोकोच्या बीपासून सुरुवात करावी लागेल. लिनियसने १७५३ साली या झाडाला ‘थिओब्रोमा’, म्हणजे देवांचे अन्न, असे नाव दिले. पण झाडावरून उतरलेले बी तोंडात टाकले तर देवांनाही आवडू नये इतके कडू आणि तुरट असते. त्या तुरटपणाचे मोठे कारण म्हणजे फ्लॅव्हनॉल नावाची संयुगे. चहात असतात त्याच कुळातली ही संयुगे, आणि कोकोत त्यांपैकी एपिकॅटेचिन हे सर्वांत महत्त्वाचे. फळातून काढलेल्या बिया गरासकट काही दिवस आंबवतात, उन्हात वाळवतात, भाजतात आणि दळतात. दळून जो घट्ट लगदा मिळतो त्यात निम्म्याहून थोडा अधिक भाग कोको बटर म्हणजे स्निग्धांश असतो. तो दाबून काढला की उरते ती कोको पावडर. फ्लॅव्हनॉल असतात ते या स्निग्धांशाव्यतिरिक्तच्या भागात. आंबवताना आणि भाजताना त्यांपैकी बराचसा भाग नाहीसा होतो. म्हणजे चॉकलेटची ओळखीची चव तयार होण्याची प्रक्रिया आणि फ्लॅव्हनॉल नष्ट होण्याची प्रक्रिया बऱ्याच अंशी एकच आहे. पुढच्या साऱ्या विवेचनात ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

आधुनिक संशोधनाला खरी चालना मिळाली ती पनामाच्या किनाऱ्याजवळच्या सान ब्लास बेटांवर. तेथे राहणाऱ्या कुना या आदिवासी समाजात वय वाढले तरी रक्तदाब वाढत नाही, हे जुने निरीक्षण होते. हार्वर्डचे नॉर्मन हॉलेनबर्ग यांनी ते पुन्हा तपासले आणि १९९७ साली निष्कर्ष मांडले. बेटांवरच्या कुना लोकांत उच्च रक्तदाब क्वचितच आढळत होता. पनामा सिटीत स्थलांतरित झालेल्या त्यांच्याच भाईबंदांत मात्र तो १०.७ टक्के होता आणि साठी ओलांडलेल्यांत ४५ टक्क्यांच्या पुढे गेला होता. रक्त एकच, जागा वेगळी. म्हणजे कारण आनुवंशिक नव्हते. बेटावरचे लोक मीठही कमी खात नव्हते. ठळकपणे वेगळे दिसले ते त्यांचे कोकोचे पेय, जे ते दिवसातून अनेकदा पीत. येथून कोकोवरच्या संशोधनाचा ओघ सुरू झाला. पण बेट सोडून शहरात जाणाऱ्या माणसाचे केवळ पेय बदलत नाही. त्याची मासेमारी सुटते, चालणे कमी होते, फळे आणि ताजे मासे मागे पडतात, भाड्याची आणि नोकरीची चिंता मागे लागते. कुनांच्या अभ्यासाने एक उत्तम प्रश्न उभा केला. त्याचे उत्तर मात्र त्या अभ्यासात नव्हते.

उत्तराच्या दिशेने भक्कम पाऊल पडले ते प्रयोगशाळेत. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते आणि ते वाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूंना सैल होण्याचा निरोप देते. हा शोध इतका मूलभूत होता की १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यासाठी फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना मिळाले. कोकोतले फ्लॅव्हनॉल पोटात गेल्यावर दोनेक तासांत रक्तवाहिन्या अधिक सहज रुंदावतात, हे अनेक प्रयोगांत दिसले. २००६ साली श्रोटर आणि सहकाऱ्यांनी निव्वळ एपिकॅटेचिन देऊनही तसाच परिणाम मिळतो, हे दाखवले. त्यामुळे कोकोचा परिणाम आहे, तो मोजता येतो आणि त्यामागची यंत्रणा बऱ्यापैकी उलगडलेली आहे, एवढे निःसंशय म्हणता येते. पण वाहिनी दोन तास सैल होणे ही एक गोष्ट आणि वीस वर्षांनी हृदयविकाराचा झटका टळणे ही दुसरी. वैद्यकाच्या इतिहासात या दोहोंमधला पूल कितीतरी वेळा कोसळला आहे.

‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दाची कहाणी त्याचेच उदाहरण आहे. कोकोच्या गुणगानात हा शब्द हमखास येतो. परीक्षानळीत कोको खरोखरच मुक्त कणांना निष्प्रभ करतो. पण शरीर म्हणजे परीक्षानळी नव्हे. बीटा कॅरोटीन हे असेच गाजलेले अँटिऑक्सिडंट. फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना ते गोळ्यांतून दिले, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढला, असे १९९४ साली निष्पन्न झाले. अमेरिकेच्या कृषी खात्याने तर खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचे कोष्टक २०१२ साली आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकले, कारण त्या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी संबंध लावता येत नव्हता. आपल्याकडचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. सुपारीचा तुरटपणाही अशाच पॉलिफेनॉल संयुगांचा असतो, आणि सुपारी तोंडाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये जाहीर केलेले आहे. पदार्थात पॉलिफेनॉल भरपूर आहेत, एवढ्यावरून तो हितकर ठरत नाही. कोकोची बाजू मांडायची तर ती या शब्दाच्या आधारावर मांडू नये. तिच्याकडे याहून चांगला पुरावा आहे.

तो पुरावा दोन प्रकारचा आहे आणि दोहोंचे वजन सारखे नाही. पहिला प्रकार निरीक्षणाचा. नेदरलँड्समधल्या झुटफेन गावात ४७० वृद्ध पुरुषांचा १५ वर्षे मागोवा घेतला गेला. त्याचे निष्कर्ष २००६ साली आले. कोको सर्वाधिक खाणाऱ्या एकतृतीयांश लोकांत हृदयरक्तवाहिन्यांच्या विकाराने होणाऱ्या मृत्यूंचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या निम्मा होता. आकडा थक्क करणारा आहे, आणि म्हणूनच शंका घ्यायला लावणारा. त्यांच्या रक्तदाबात फरक होता तो जेमतेम ३.७ मिलिमीटरचा, आणि मृत्यूतली घट त्या फरकातून उलगडत नव्हती, हे संशोधकांनीच नोंदवले. मग घट आली कुठून? अशा अभ्यासांत एक उलटे कारण नेहमी दडलेले असते. ज्याला मधुमेह झाला, ज्याचे वजन वाढले, ज्याला डॉक्टरांनी पथ्य सांगितले, तो माणूस चॉकलेट सोडतो. मग चॉकलेट न खाणाऱ्यांच्या गटात आजारी माणसे जास्त जमतात आणि खाणारे निरोगी दिसू लागतात. शिवाय डार्क चॉकलेट निवडणारा माणूस बहुधा सुस्थितीतला, शिकलेला, व्यायाम करणारा असतो. संख्याशास्त्राने हे फरक काही प्रमाणात वजा करता येतात, पूर्ण नाही. देशादेशांची तुलना केली तर घोटाळा आणखी वाढतो. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये फ्रान्झ मेसर्ली यांनी २३ देशांतला चॉकलेटचा दरडोई खप आणि लोकसंख्येच्या प्रमाणात मिळालेली नोबेल पारितोषिके यांत घनिष्ठ सहसंबंध दाखवला होता. श्रीमंत देश चॉकलेटही जास्त खातात आणि विद्यापीठांवरही जास्त खर्च करतात, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा प्रकार प्रयोगाचा. यात कोणाला कोको द्यायचा आणि कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरते, त्यामुळे दोन्ही गटांत श्रीमंत-गरीब, आजारी-निरोगी सारखेच वाटले जातात. रक्तदाबाबाबत असे अनेक छोटे प्रयोग झाले. कॉक्रेन या स्वतंत्र संस्थेने २०१७ साली त्यांपैकी ३५ प्रयोगांचा, एकूण १,८०४ जणांचा, एकत्रित हिशेब मांडला. सरासरी घट निघाली ती पाऱ्याच्या १.७६ मिलिमीटरची. ज्यांचा रक्तदाब मुळात जास्त होता त्यांच्यात वरचा आकडा सुमारे ४ मिलिमीटरने उतरला. ज्यांचा सामान्य होता त्यांच्यात फरक नगण्य होता. परिणाम खरा आहे आणि ज्यांना गरज आहे त्यांच्यातच दिसतो, ही जमेची बाजू. पण हे प्रयोग सरासरी नऊच आठवड्यांचे होते आणि त्यांत दिलेले फ्लॅव्हनॉल सरासरी दिवसाला ६७० मिलिग्रॅम होते. एवढी मात्रा नेहमीच्या चॉकलेटमधून मिळवणे किती कठीण आहे, ते पुढे येईलच. तुलनेसाठी मिठाचा दाखला घ्यावा. दिवसाचे मीठ सुमारे साडेचार ग्रॅमने कमी केले, तर रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी ४ मिलिमीटरहून थोडा अधिक उतरतो, असे २०१३ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात दिसले. म्हणजे ताटातले लोणचे, पापड आणि चहाबरोबरचे फरसाण कमी केल्याने सर्वसाधारण माणसाला जे मिळते, ते कोकोच्या भरघोस मात्रेनेही मिळत नाही.

या विषयातला सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे अमेरिकेतला ‘कॉसमॉस’. साठ वर्षांवरील पुरुष आणि पासष्ट वर्षांवरील स्त्रिया मिळून २१,४४२ जण त्यात होते. निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल मिळतील अशा कॅप्सूल दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय कॅप्सूल. सरासरी साडेतीन वर्षांहून थोडा अधिक काळ पाठपुरावा झाला आणि २०२२ साली निकाल आले. हृदयविकार, पक्षाघात आणि तत्सम घटनांची एकूण संख्या हे आधीपासून ठरवलेले मुख्य मोजमाप होते. त्यात १० टक्के घट दिसली, पण ती योगायोगाने आलेली नाही असे म्हणता येण्याइतकी पक्की नव्हती. हृदयरक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी झाले. कोकोचे समर्थक या दुसऱ्या आकड्याकडे बोट दाखवतात, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाहीच. पण प्रयोगाचा नियम असा की परीक्षा ज्या प्रश्नासाठी घेतली त्याचे उत्तर आधी पाहावे. मुख्य प्रश्नाचे उत्तर संदिग्ध आल्यावर दुय्यम आकडा हा निकाल ठरत नाही, तो पुढच्या प्रयोगाचा विषय ठरतो. आणि मुख्य निकाल उद्या पक्का झाला, तरी तो कॅप्सूलबद्दलचा असेल. त्या कॅप्सूलमध्ये साखर नव्हती आणि चॉकलेटची वडीही नव्हती.

मेंदूबाबत आणि मधुमेहाबाबत हाच धडा अधिक स्पष्टपणे मिळतो. कॉसमॉसमधल्याच २,२६२ जणांच्या बौद्धिक क्षमतेची तीन वर्षे चाचणी घेतली, तेव्हा कोकोचा काही लाभ दिसला नाही. दुसऱ्या, ३,५६२ जणांच्या उपअभ्यासातही सर्वांचा एकत्र विचार केला तर स्मरणशक्तीत लक्षणीय फरक पडला नाही. मात्र ज्यांच्या आहारात मुळात फ्लॅव्हनॉल कमी होते, त्यांच्यात थोडी सुधारणा दिसली. हे निरीक्षण मोलाचे आहे. जेथे उणीव आहे तेथे भर घातल्याने फायदा होतो, आणि ती भर सफरचंद, द्राक्षे किंवा चहा यांतूनही पडू शकते. मधुमेहाबाबत २०२४ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला अभ्यास बराच गाजला. अमेरिकेतल्या सुमारे १ लाख ११ हजार आरोग्य-व्यावसायिकांच्या दीर्घकालीन नोंदींत, आठवड्याला पाच किंवा अधिक वेळा डार्क चॉकलेट खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचा धोका २१ टक्क्यांनी कमी आढळला. मिल्क चॉकलेटबाबत असा संबंध दिसला नाही, उलट ते वजनवाढीशी जोडलेले आढळले. पण कॉसमॉसमध्ये चिठ्ठीने कोको दिलेल्या लोकांत मधुमेहाचे प्रमाण घटले नाही. निरीक्षण एक सांगते आणि प्रयोग दुसरे, तेव्हा वजन प्रयोगाच्या पारड्यात टाकावे लागते. मधुमेह झालेल्या माणसाने तर हेही ध्यानात घ्यावे की तो अभ्यास मधुमेह नसलेल्या लोकांचा होता. ‘मधुमेह्याला डार्क चॉकलेट चालते’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

आता कॅप्सूल सोडून दुकानातल्या वडीकडे वळू. १८२८ साली नेदरलँड्समध्ये व्हॅन हाउटेन यांच्या कारखान्यात कोकोतला स्निग्धांश दाबून काढण्याचे यंत्र आले आणि पुढे पावडरीवर अल्कलीची प्रक्रिया करण्याची पद्धत रूढ झाली. या प्रक्रियेने कोकोचा आंबट-तुरटपणा जातो, रंग गडद होतो आणि तो दुधा-पाण्यात सहज मिसळतो. पण तुरटपणा जातो याचा अर्थच फ्लॅव्हनॉल जातात. २००८ साली अमेरिकेत बाजारातल्या पावडरींची तपासणी झाली. प्रक्रिया न केलेल्या पावडरीत ग्रॅममागे सरासरी ३४.६ मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल होते, सौम्य प्रक्रियेनंतर १३.८, मध्यम प्रक्रियेनंतर ७.८ आणि जोरकस प्रक्रियेनंतर अवघे ३.९. हिशेब करून पाहावा: कॉसमॉसमधली ५०० मिलिग्रॅमची मात्रा पहिल्या प्रकारच्या १५ ग्रॅम पावडरीत मिळेल, तर शेवटच्या प्रकारची पावडर त्यासाठी १२५ ग्रॅमहून जास्त लागेल. आणि गडद रंग पाहून आपण बहुधा हाच शेवटचा प्रकार ‘अस्सल’ समजतो. वेष्टनावरचा ७० टक्के हा आकडाही येथे फारसा कामी येत नाही. त्यात कोकोचा घन भाग आणि कोको बटर दोन्ही मोजलेले असतात, आणि कोको बटरमध्ये फ्लॅव्हनॉल नसतात. दोन कंपन्यांच्या ७० टक्क्यांच्या वड्यांत फ्लॅव्हनॉलचे प्रमाण कितीतरी पटींनी वेगळे असू शकते, आणि वेष्टनावर ते छापलेले नसते. मात्रा न सांगता विकलेल्या गोष्टीला औषध म्हणता येत नाही.

फ्लॅव्हनॉलबरोबर आणखी काय पोटात जाते, तेही पाहायला हवे. ७० ते ८५ टक्के कोको असलेल्या १०० ग्रॅम चॉकलेटमध्ये सुमारे ६०० कॅलरी, ४३ ग्रॅम स्निग्धांश आणि २४ ग्रॅम साखर असते. रोजची ३० ग्रॅमची वडी म्हणजे १८० कॅलरी, दोन पोळ्यांच्या जवळपास. आणि ती बहुधा पोळ्यांच्या ऐवजी नव्हे, त्यांच्यावर जास्तीची खाल्ली जाते. कोको बटरमधला सुमारे एकतृतीयांश भाग स्टिअरिक आम्लाचा असतो आणि ते रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवत नाही, हे खरे. पण सुमारे एकचतुर्थांश भाग पामिटिक आम्लाचा असतो आणि ते वाढवते. आपल्या बाजारात तर आणखी एक अडचण आहे. सुट्या विकल्या जाणाऱ्या, साच्यात घातलेल्या अनेक ‘घरगुती’ चॉकलेटांचा आणि केकवरच्या थराचा मूळ माल म्हणजे कंपाउंड. त्यात कोको बटरच्या जागी स्वस्त वनस्पतिजन्य चरबी असते. तो गडद रंगाचा आणि ‘डार्क’ नावाचा असला, तरी त्याच्या बाजूने कोणताही अभ्यास बोलत नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. साखर पहिली आणि वनस्पतिजन्य चरबी दुसरी असेल, तर ती मिठाई आहे, एवढे त्यावरून समजते.

डार्क चॉकलेटमधून लोह मिळते, हा दावा आपल्याकडे विशेष तपासावा लागेल, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. कोकोत लोह भरपूर असते, पण त्यातली पॉलिफेनॉल वनस्पतिजन्य लोहाचे शोषण अडवतात. १९९९ च्या एका प्रयोगात पावाबरोबर कोको घेतल्यावर लोहाचे शोषण सुमारे ७० टक्क्यांनी घटले होते. जेवणाला लागून चहा पिऊ नये असे डॉक्टर सांगतात, त्याचे कारणही हेच. जड धातूंचा प्रश्नही खरा आहे. कोकोचे झाड जमिनीतले कॅडमियम शोषून बियांत साठवते, आणि शिसे मुख्यतः बिया उघड्यावर वाळत असताना धुळीतून लागते. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने २०२२ साली डार्क चॉकलेटच्या २८ वड्या तपासल्या. त्यांपैकी २३ वड्यांबाबत, रोज एक औंस खाल्ल्यास कॅलिफोर्नियाच्या कडक मर्यादेपेक्षा शिसे किंवा कॅडमियम जास्त जाईल, असे दिसले. युरोपीय संघाने २०१९ पासून चॉकलेटमधल्या कॅडमियमवर मर्यादा घातली आहे. कधीतरी खाणाऱ्या प्रौढाने घाबरून जावे असे यात काही नाही. पण कोकोचे प्रमाण वाढेल तसे हे धातूही वाढतात. त्यामुळे ‘जितके गडद तितके गुणकारी’ या समजुतीने लहान मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना रोज डार्क चॉकलेट देणे योग्य नाही. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी कोकोतल्या ऑक्सलेटचाही विचार करावा.

या मांडणीवर काही आक्षेप घेतले जातील आणि ते गंभीरपणे ऐकायला हवेत. पहिला असा की, दोन मिलिमीटरची घट एका माणसासाठी क्षुल्लक असली, तरी कोट्यवधी लोकांत ती झाली तर हजारो झटके टळतील. तत्त्व बरोबर आहे. सार्वजनिक आरोग्याचे शास्त्र त्याच पायावर उभे आहे. पण ते लागू होण्यासाठी उपाय स्वस्त, एकसारख्या मात्रेचा आणि बाजूचे नुकसान न करणारा असावा लागतो. चॉकलेट यांपैकी काहीच नाही. मीठ कमी करणे हे तिन्ही आहे. दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा आहे: हे सारे संशोधन चॉकलेट कंपन्यांच्या पैशावर झाले, मग त्यावर विश्वास का ठेवावा? मार्स कंपनीने फ्लॅव्हनॉलवरील संशोधनाला अनेक वर्षे पैसा पुरवला, कॉसमॉसलाही मार्सच्याच एका शाखेचे साहाय्य होते, हे खरे आहे. पण पैसा कोणाचा हे पाहून निष्कर्ष फेकून देणे हा आळस आहे. कॉसमॉसचा मुख्य निकाल कंपनीला हवा तसा आला नाही आणि तरीही तो जसाच्या तसा छापला गेला. कंपनीच्या पैशाचा प्रभाव अधिक जाणवतो तो कोणते प्रश्न विचारले जातात यावर. कोकोवर जेवढे प्रयोग झाले, तेवढे पेरूवर किंवा जांभळावर झालेले नाहीत, कारण पेरूमागे कोणी बलाढ्य कंपनी उभी नाही. कोको अद्वितीय आहे असे जे वाटते, त्यात या असमतोलाचा वाटा मोठा आहे.

तिसरा आक्षेप असा की, चॉकलेटने आनंद मिळतो, तोही आरोग्याचा भाग आहे. मग एवढी चिकित्सा कशासाठी? या आक्षेपाशी वाद घालण्याचे कारणच नाही. चिकित्सा आनंदाविरुद्ध नाही, सबबीविरुद्ध आहे. श्रीखंड किंवा पुरणपोळी आपण औषध म्हणून खात नाही. ती सणाची म्हणून, आवडीची म्हणून खातो, आणि म्हणूनच तिचे प्रमाण आपल्याला कळते. गोड पदार्थाला औषधाचे नाव मिळाले की प्रमाणाचा हा अंकुश सुटतो. औषध रोज घ्यायचे असते, चुकवायचे नसते, थोडे जास्त झाले तरी भल्यासाठीच झाले असे वाटते. बातम्यांनी ही सबब पुरवायला हातभार लावला आहे. २०१५ साली जॉन बोहॅनन या पत्रकाराने जर्मनीत जेमतेम पंधरा-सोळा जणांवर एक मुद्दाम सदोष प्रयोग केला, त्यात अठरा मोजमापे घेतली आणि योगायोगाने जुळलेल्या एका आकड्यावरून ‘चॉकलेटने वजन घटते’ असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. अनेक देशांतल्या माध्यमांनी तो विनातपासणी छापला. वाचकाला जे ऐकायला आवडते ते छापणे सोपे असते, हे त्या प्रकरणाने सिद्ध झाले.

अधिकृत संस्थांनी आपले शब्द किती जपून वापरले आहेत, ते पाहिले तर या साऱ्या पुराव्याचे खरे माप मिळते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ साली एवढेच मान्य केले की कोकोतले २०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल रोज घेतल्यास रक्तवाहिन्यांची लवचीकता टिकण्यास मदत होते. ही मात्रा अडीच ग्रॅम पावडरीतून किंवा दहा ग्रॅम डार्क चॉकलेटमधून मिळू शकते, पण दोन्ही फ्लॅव्हनॉल मुद्दाम राखलेली असली तरच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ साली, किमान ४ टक्के फ्लॅव्हनॉल असलेल्या कोको पावडरीवर हृदयविकाराचा धोका कमी होण्याबाबत मर्यादित दावा छापायला परवानगी दिली. मात्र या दाव्यामागचा वैज्ञानिक पुरावा अत्यंत अपुरा आहे, हे वाक्य त्याच दाव्यात घालणे बंधनकारक केले. नेहमीची कोको पावडर आणि नेहमीचे चॉकलेट यांना हा दावा लागू नाही, असेही स्पष्ट सांगितले. वीस-पंचवीस वर्षांच्या संशोधनाचे हे फलित आहे. ते क्षुद्र नाही, पण दुकानाच्या फळीवरच्या वडीपर्यंत ते पोहोचत नाही.

तेव्हा निर्वाळा असा: कोकोतल्या फ्लॅव्हनॉलचा रक्तवाहिन्यांवर छोटा पण खरा परिणाम होतो. वाढलेला रक्तदाब त्याने थोडा उतरतो. हृदयविकाराने येणारा मृत्यू त्याने टळतो का, हा प्रश्न उघडा आहे. मधुमेह किंवा स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी कोको घ्यावा, असे सांगण्याइतका पुरावा नाही. आणि यातले जे सिद्ध झाले आहे, तेही नेहमीच्या डार्क चॉकलेटला आपोआप लागू होत नाही. कोकोची गोडी असलेल्याने अल्कलीची प्रक्रिया न केलेली पावडर साखरेविना किंवा अगदी कमी साखरेत, जेवणापासून अंतर ठेवून घ्यावी. त्यात कॅलरी कमी आणि फ्लॅव्हनॉल जास्त मिळतील. ज्याला चॉकलेट आवडते त्याने घटकांची यादी वाचून चांगले घ्यावे आणि एखादा तुकडा समाधानाने खावा. रक्तदाबाची गोळी मात्र त्याच्या भरवशावर सोडू नये, मधुमेही माणसाने ते पथ्यात धरू नये, आणि आपल्या घरातल्या आजारी माणसापुढे ते औषध म्हणून ठेवू नये. हृदयासाठी रोजच्या ताटातले मीठ कमी करणे, भाज्या आणि फळे वाढवणे, तंबाखू सोडणे आणि रोज अर्धा तास चालणे, या उपायांचा पुरावा कोकोपेक्षा कितीतरी भक्कम आहे, आणि त्यांपैकी एकालाही चॉकलेट पर्याय ठरत नाही.